कबरीवरचं पाणी

सकाळी दार उघडलं तर ओट्यावर कडुलिंबाच्या मोहराचा बारीक सडा पडलेला. म्हणजे आले ते दिवस. ऊन सकाळीच डोळ्यांवर येतं, देशपांडेकाकूंच्या गच्चीवर पापड्यांसाठी प्लास्टिक अंथरलं जातं, टँकरचा हॉर्न ऐकून बायका बादल्या घेऊन जिन्यावरून पळतात, आणि आमच्या मंडळीकडून, म्हणजे चर्चकडून, मोबाइलवर मेसेज येतो: ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाला आहे, घरगुती प्रार्थनासभा आपल्याकडे कोणत्या दिवशी ठेवायची?

मी तो वाचला, चष्मा पुसून परत वाचला. आपल्याकडे म्हणजे माझ्याकडेच का? माझ्याकडे चहाबरोबर चिवडा मिळतो म्हणून, की बाई अजून सावरली का नाही ते बघायचंय म्हणून? माझं डोकं हे असं चालतं. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि मार्च आला की दहावीच्या वर्गावर पर्यवेक्षक म्हणून उभी राहिले. कोण कॉपी करतंय हे मला नुसत्या मानेवरून कळायचं. नोकरी सुटली, नजर काही सुटली नाही. दूधवाल्याचं माप, रिक्षावाल्याचा मीटर, डॉक्टरचं हसू, सगळं मी तपासून घेते. हे म्हणायचे, "सुलभा, तू स्वर्गात गेलीस तर दारावरच्या देवदूताकडं ओळखपत्र मागशील." मी म्हणायचे, "मागेनच. कुणीही पंख लावून उभं राहील."

हे म्हणजे माझे पती, वसंत. चितेगावच्या एका कंपनीत फिटर होते. दीड वर्षापूर्वी, गणपती विसर्जनाच्या आठवड्यात, गेले. दवाखान्यातून त्यांना घरी आणत होतो तेव्हा रस्ता मिरवणुकीनं भरलेला. अँब्युलन्स दिसली तसे ढोल थांबले, माणसं दोन्ही बाजूंना सरकली, कुणीतरी गुलालाचे हात जोडले. त्या दिवसांत माझ्यासाठी थांबलेली तेवढीच एक गोष्ट. बाकी जग आपलं चालूच होतं, आणि मला त्याचा भयंकर राग येत होता.

पण मला आठवतोय तो गेल्या वर्षीचा उपवासकाळ. ह्यांच्यानंतरचा पहिला. तेव्हाही असाच मोहर पडत होता, आणि तो झाडताना मला रडू यायचं, कारण झाडायचं काम ह्यांचं होतं. त्या दिवसांत मला जगात एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. हे कुठंतरी आहेत आणि मला परत भेटणार आहेत, हे खरं आहे का? बाकी काही नको होतं. सांत्वन नको, डबा नको, मानसिक आधार तर मुळीच नको. फक्त एवढं उत्तर, आणि तेही बरोबर असलेलं.

उत्तर द्यायला माणसं कमी नव्हती. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, तरुण आहेत, मनानं चांगले आहेत, हे आधी सांगून टाकते. ते घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "बाई, वसंतकाका प्रभूजवळ आहेत." मी त्यांचे डोळे बघत होते. वाक्य अर्ध्यात आलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या बुटाकडं बघितलं. झालं! पर्यवेक्षक म्हणून सांगते, बुटाकडं बघणाऱ्याला उत्तर पाठ असतं, येत नसतं. मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. त्यांना हायसं वाटलं, ते काही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मग मंगलाबाई आल्या. प्रार्थनासभेत सगळ्यात उंच आवाज त्यांचा. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सुलभाताई, वसंतभाऊ माझ्या स्वप्नात आले. पांढरे शुभ्र कपडे, चेहऱ्यावर काय तेज!"

"चष्मा होता का?" मी विचारलं.

"अगं बाई, चष्मा कशाला लागतोय तिथं?"

"मग ते नव्हतेच," मी म्हटलं. "चष्मा काढला की ह्यांना मी आणि कपाट सारखंच दिसतं. आणि पांढरं म्हणाल, तर लग्नातला सोडून ह्यांनी पांढरा शर्ट घातला नाही. ग्रीसचे डाग कोण काढणार?"

मंगलाबाई रागावून गेल्या. मी दार लावलं. पण खरं सांगायचं तर मला त्या स्वप्नाचा हेवा वाटला होता. माझ्या स्वप्नात हे एकदाही आले नव्हते. माझ्या स्वप्नात नुसता टँकर यायचा.

सगळ्यात सरळ विचारलं ते देशपांडेकाकूंनी. त्या समोरच्या दारातल्या. घराणं भिक्षुकांचं, आता मुलगा कॉम्प्युटरवाला आणि सून बँकेत, पण तिथी-वार सगळं त्यांच्या जिभेवर. एका दुपारी ताक घेऊन आल्या आणि जरा बिचकत म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं. आमच्यात पिंडाला कावळा शिवला की कळतं, माणूस सुखानं गेला. तुमच्यात कसं कळतं हो?"

मी जन्माची ख्रिस्ती. पणजोबांपासून घरात प्रार्थना, रविवार, नाताळ, सगळं. पण कुणी एवढं सोपं विचारलं नव्हतं. "आमच्यात विश्वास ठेवतात," मी म्हटलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी ताकाच्या पेल्याकडं बघत बोलतेय.

"असं होय," काकू म्हणाल्या. बिचाऱ्यांना माझी कीव आली असणार. निदान मला तरी तसा संशय आला.

चर्चला मी जात होते, नाही असं नाही. मागच्या बाकावर बसायचे. गाणं सुरू झालं की ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. आवाज काढणं म्हणजे सही करण्यासारखं वाटायचं, आणि कागद वाचल्याशिवाय मी कधी कुठं सही केलेली नाही. उपवासकाळात आमच्याकडे प्रभूच्या दुःखसहनावर उपदेश होतात. मार, काटे, खिळे. त्यातलं सगळं मला पटायचं. माणसं माणसाला असं करतात, यात शंका घेण्यासारखं काय आहे? गाडी अडायची ती तिसऱ्या दिवसावर, प्रभू कबरीतून जिवंत उठला त्यावर. तिथं आले की माझ्या हातातली काल्पनिक लाल पेन्सिल थांबायची. जखम हाताला लागल्याशिवाय मानणार नाही म्हणाला होता, त्या शिष्याला सगळे हसतात. मला सगळ्या बारा शिष्यांमध्ये तो एकटा आमच्या शाळेत शिकलेला वाटतो.

आणि कबरीवर तर मी जातच नव्हते. ह्यांना माती दिली त्या दिवशी जमीन पावसानं चिखल झालेली. आपली काळी माती, ती फुगते, खचते, भेगाळते. म्हणून ती बसल्याशिवाय पक्की कबर बांधत नाहीत, तोवर मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रॉस. सगळे रडत होते तेव्हाही माझं डोकं चालूच होतं. उद्या हा क्रॉस कलंडला तर? म्हणून चौथ्याच दिवशी मी पिशवीत घालून आमच्या न्हाणीघरातल्या निळ्या फुलांच्या फरशीचा एक फुटका तुकडा नेला आणि डोक्याकडच्या बाजूला मातीत दाबून बसवला. भावजय म्हणाली, "काय हे वन्सं, लोक काय म्हणतील?" म्हणोत. पुढं नाताळच्या तोंडावर तरुण संघानं दफनभूमी सजवायची ठरवलं, सगळे लाकडी क्रॉस उपटून एका जागी आणले, पांढरा रंग दिला, वाळवले आणि परत रोवले. रंग देताना नावंही रंगवून टाकली! नावं नंतर लिहू म्हणाले. आमच्या मंडळीत उत्साहाला तोटा नाही, नंतरला मात्र आहे. ती नावं यंदा लिहून झाली, काळ्या रंगात, आणि मी प्रत्येक अक्षर उभं राहून तपासलं. गेल्या वर्षी मात्र सगळी रांग मुकी उभी होती. मला त्याचंही काही वाटलं नव्हतं. तिथं गेलं की माती दिसते, आणि मातीबद्दल मला कसलीच शंका नव्हती.

तरी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी जावंच लागलं. त्या शनिवारी आमच्यात सगळे दफनभूमीत जातात. खराटे, फावडी, चुन्याच्या बादल्या, पोळी-भाजीचे डबे. ईस्टरच्या पहाटे तिथंच उपासना असते ना, म्हणून आपापल्या माणसाची जागा साफ करून ठेवायची. नाही गेले असते तर मंगलाबाईंना विषय मिळाला असता. गेले. छावणीपलीकडची ती जमीन उन्हानं तडकलेली, गवत पिवळं, पायाखाली कुरकुर वाजणारं. माझी निळी फरशी शोधत मी रांगेतून गेले, आणि थबकले.

ह्यांची कबर ओली होती.

नुसती ओली नाही, लिंपल्यासारखी गुळगुळीत. कडेनं सदाफुली लावलेली, तिला फुलं आलेली. माझ्या फरशीच्या तुकड्यावर मेणाचा थर. एप्रिल महिना, आणि आमचं हे शहर! नळाला पाणी आलं की इथं लोक कामावर रजा टाकतात, भांडी विसळलेलं पाणी झाडाला आणि झाडाखालचं पाणी फरशीला फिरवतात. तिथं माझ्या नवऱ्याच्या कबरीवर कोण पाणी ओततंय?

रखवालदाराला गाठलं. तो म्हणाला, "येती ना एक बाई. मंगळवारच्या मंगळवारी. नाताळापासून चालूय. लई रडती. बसून बोलती बी त्यांच्याशी."

"कशी आहे?"

"साडी भारी नेसती," एवढंच म्हणाला तो.

आता तुम्ही हसाल. साठी उलटलेला फिटर, रात्री नऊला घोरायला लागणारा माणूस, त्याच्याबद्दल कसला संशय घ्यायचा? मन हेच म्हणत होतं. पण मनाच्या भरवशावर मी कधी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतलेली नाही. ते तीन दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. झावळी हातात घेऊन मिरवणुकीत चालले ती सूड घ्यायला निघाल्यासारखी. ह्यांचं सगळं आयुष्य मी उलटं करून झटकलं. कंपनीच्या सहली, उशीर झालेल्या संध्याकाळी, ती एकदा हरवलेली छत्री. आणि मधेच हुंदका यायचा, की अरे देवा, आता विचारायचं तरी कुणाला?

मंगळवारी मी आधीच जाऊन बसले, कडुलिंबाच्या आडोशाला, खराटा हातात. ती आली. गडद जांभळी, मोठ्या फुलांची साडी, तरण्या पोरीनं नेसावी अशी. पण आत बाई म्हातारी, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी, पायात स्लीपर, खांद्याला पिशवी, पिशवीत कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत पाणी. बसली ह्यांच्या उशाशी आणि गळा काढला. मी उठले.

"सलाम," मी म्हटलं. आमच्यातला नमस्कार हा, पण सलाम कसला, हजेरी घेतली मी तिची.

"सलाम बाई." तिनं पदरानं नाक पुसलं.

"कुणाची कबर ही?"

"माझ्या लेकीची. एस्तेरची. तुमी कोण?"

"ह्या कबरीतल्या माणसाची बायको."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "काय बी बोलता का बाई! ही माझी पोरगी हाय. ह्या लिंबाकडूनच मोजलंय म्या. गणपतीत माती दिली तिला."

"ह्यांनाही गणपतीतच दिली. आणि हा तुकडा बघा. हा आमच्या न्हाणीघरातला आहे. जोडीची फरशी अजून नळाखाली आहे, चला घरी, दाखवते."

तिनं त्या तुकड्याकडं बघितलं. मेण नखानं खरवडलं. "मला वाटलं मंडळीनंच लावलाय, मेनबत्ती ठिवायला," ती म्हणाली. मग हळूहळू तिच्या ध्यानात यायला लागलं, आणि ती माझ्यावरच उखडली. "मंग म्या नाताळापासून तुमच्या मालकापुढं रडले व्हय? आन् तुमी कुटं व्हता एवढे दिस? एकदा बी आला न्हाईत?"

माझी माया आटली होती असं नाही, पण पाऊल उचलत नव्हतं, हे तिला कसं सांगणार? मी तिच्या शेजारी बसले. नाव राहेलबाई, लासूर स्टेशनहून पॅसेंजरनं यायची. लेक इथं हर्सूलला भाड्यानं राहायची, कावीळ झाली, आठ दिवसांत गेली. मागं एक लहान मुलगी. क्रॉसवरचं नाव वाचता येत नव्हतं म्हणून ती लिंबापासून क्रॉस मोजत यायची. रंगवून परत लावताना मधला एक क्रॉस राहिला, तशी तिची मोजणी एका कबरीनं पुढं गेली, आणि नाव असतं तर कुणी वाचून तरी दाखवलं असतं, पण नावच राहिलं नव्हतं. अलीकडचा उंचवटा तिच्या लेकीचा. आम्ही दोघींनी बघितला. कोरडा ठणठणीत, हात जाईल एवढी भेग, वर कुसळं.

राहेलबाई तिथं जी बसली ती मातीवर हात फिरवत राहिली. "एक थेंब न्हाई मिळाला गं तुला," म्हणाली. "सारं पानी त्या बाबालाच पाजलं म्या." मला हसू आलं. मग ती वळून म्हणाली, "पान्याचं जाऊ द्या बाई. पर म्या किती काय काय सांगितलं तिला. तिची पोरगी शाळंत जाती, पाटीवर नाव काढती. शेळीला दोन पिल्लं झाली. ही साडी तिचीच हाय, पेटीत कसर लागाया लागली, म्हनून म्या नेसले, रागावू नको म्हनलं. यातलं एक अक्षर तिला पोचलं न्हाई. सारं वाया गेलं."

"वाया कसं जाईल?" मी म्हटलं. "हे सांगतील की तिला."

ती रडायची थांबली.

"अहो, कंपनीच्या बसनं जायचे ना हे, तर सगळ्या वाटेवरची माणसं ह्यांच्याकडं निरोप द्यायची. कुणाची गोळ्यांची पुडी, कुणाची चावी, कुणाला सांगायचं की आज जेवायला येत नाही. घरी यायला उशीर झाला तरी चालेल, पण निरोप पोचवून यायचे. तुम्ही जे जे सांगितलंत ते सगळं ह्यांनी एव्हाना तिच्या कानावर घातलं असणार. पिल्लांसकट."

"इसरायचे न्हाईत ना?"

"विसरू देत तर खरं! मी भेटले की बघते त्यांच्याकडं."

काय बोलून गेले मी? मी भेटले की? मी स्वतःचंच वाक्य पकडून ठेवलं, जसं पोराच्या बाकाखालचा कागद पकडून ठेवायचे. म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोलले का? नाही, तिला बरं वाटावं असा विचारच मनात आला नव्हता, मला ह्यांची बाजू घ्यायची होती. पाठ केलेलं होतं का? पिल्लांसकट हे कुठल्या उपदेशात नसतं. कुणीकडं बघत बोलले? म्हातारीच्या डोळ्यांत बघत, सरळ. सगळ्या बाजूंनी तपासलं. उन्हात बसून, अगदी वैऱ्यासारखं तपासलं. खोट सापडली नाही. हे आहेत, आणि मला भेटणार आहेत, आणि हे मला आधीपासून माहीत होतं, इतकं की त्यांच्याशी भांडायचं काय ते मी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

मला रडू फुटलं. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. आता राहेलबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात ती का ठेवतेय याचा मी विचार केला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं उरलेली बाटली लेकीच्या भेगेत ओतली. मातीनं ती गटागटा पिऊन टाकली. मग जायला उठली, दोन पावलं गेली, आणि परत ह्यांच्या कबरीपाशी आली. पदर सावरला, हात जोडले. "दादा," म्हणाली, "आजचं तेवढं ऱ्हायलं. पोरीला म्हनावं, तुझ्या लेकीचा पुढचा दात पडलाय. आन् तिला म्हनावं, आई आता तुझ्याकडंच येईल, जागा गावली."

ती माझ्याकडं बघत उभी राहिली. ह्यांना माती दिल्यापासून त्या जागी मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी खाली वाकले, निळ्या फरशीवरची कुसळं हातानं बाजूला केली.

"अहो," मी म्हटलं, "ऐकलंत ना? एस्तेर नाव आहे तिचं. नीट सांगा."